गुरुजींच्या जुन्या कॅसेटी आणि सरगमच्या वह्या, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नगरचे आमचे एक गुरुजी मागच्या महिन्यात वारले, मराठी शाळेतून रिटायर झालेले, आणि दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवायचे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) भजनं असली रंगवायचे की बास, म्हणजे अभंग-ओवीच्या वळणाचंच ख्रिस्ती भजन, टाळ-तबल्यासकट. पट्टी कायम पांढरी चार (म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून, उंच सुरात), आमचे आवाज फुटले तरी गुरुजी खाली उतरायचे नाहीत!

आता स्मरणार्थ उपासनेत त्यांचाच आवाज लावायचाय. घरच्यांकडे कॅसेटी निघाल्यात पण टेपवर पांढरी बुरशी धरलीय, रिपेअरवाला म्हणतो तशीच लावू नका, टेपरेकॉर्डरचं हेड खराब होईल, मग साफ कशी करायची? नगर-पुण्यात कोणी डिजिटल करून देतं का, साधारण किती घेतात?

दुसरं म्हणजे वह्यांमध्ये भातखंडे पद्धतीचं नोटेशन आहे, म्हणजे सरगम खुणांसकट लिहायची पद्धत. कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, सप्तकाची टिंबं, टाइप करायला गेलं की सगळं इकडचं तिकडे होतं. कुठला फॉन्ट वापरता? नाहीतर सरळ स्कॅन करूनच छापावं म्हणतोय, अक्षर तसंही फळ्यावरच्यासारखं ठसठशीत आहे त्यांचं.