तारण, चर्च आणि घर

एकांनी मला विचारलंय, तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची कृपा असेल तर चर्चचं आणि आईबापांचं काम काय? कृपा वारशाने मिळत नाही, हे खरंच. पण तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यात विश्वासाची कबुली आईबाप आणि धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे, हेच देतात, आणि ती निभवायची घरातच. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, ते उगाच नाही.

आमच्या गोव्यातल्या साष्टीत संध्याकाळी खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, मेणबत्ती लावून तेर्स, म्हणजे रोझरी, ही जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. मग मुलांनी हात जोडून थोरांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचं. अर्धांगवायूनंतर आजीची वाचा गेली, उजवं अंग गेलं. तरी ती डावा हात कसाबसा उचलून आमच्या कपाळावर खुरसाची खूण काढायची. माझा विश्वास त्या हाताखाली वाढलाय. पाद्रींची प्रवचनं मला पुष्कळ नंतर कळली.