‘सोशल पार्टनर्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका अहवालाचं भाषांतर करतेय. विषय रोजगार आणि सामाजिक धोरण. ‘सोशल पार्टनर्स’ आणि ‘सोशल डायलॉग’ हे शब्द पानोपानी आहेत. मी ‘सामाजिक भागीदार’ आणि ‘सामाजिक संवाद’ असं केलं. आता एक वाक्य असं झालंय : ‘सरकारने सामाजिक भागीदारांशी सामाजिक संवाद साधून सामाजिक धोरण आखावे.’ लिहिलंय मीच आणि कळत मलाच नाहीये. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद : ‘भागधारक’ करा. हल्ली सगळे तेच लिहितात.

प्रतिसाद : नको हो! भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर्स असलेला. ‘स्टेकहोल्डर’साठी तो शब्द कोणीतरी घाईत वापरला आणि बाकीच्यांनी री ओढली. ‘हितसंबंधी’ त्यातल्या त्यात बरा, पण तोही इथे नको. हितसंबंध तर ग्राहकांचेही असतात, करदात्यांचेही.

प्रतिसाद : मी कामगार कायद्यांचे मसुदे तपासते, म्हणून जरा लांबण लावते.

‘भागीदार’ म्हटलं की डोळ्यांसमोर नफ्यातोट्यातला वाटा येतो आणि ‘सामाजिक’ म्हटलं की समाजसेवा. दोन्ही एकत्र वाचणाऱ्याला वाटणार, कुठलीतरी स्वयंसेवी संस्था सरकारच्या जोडीने काम करतेय. मूळ शब्दात या संस्था बसतच नाहीत. युरोपात ‘सोशल पार्टनर्स’ म्हणजे मालकांच्या संघटना आणि कामगारांच्या संघटना. झालं. मग तसंच लिहायला काय हरकत आहे? पहिल्यांदा ‘मालक व कामगार संघटना’ असं सरळ लिहा, पुढे ‘दोन्ही पक्ष’ म्हणा.

‘पक्ष’ म्हटल्यावर निवडणूक आठवते हे खरं. पण वादी पक्ष, प्रतिवादी पक्ष, वरपक्ष, वधूपक्ष हे शब्द आपल्या तोंडी आहेतच. समोरासमोर बसलेले, हित वेगवेगळं, तरी एकमेकांवाचून काम अडणारे असे दोघे त्यात दिसतात. ‘भागीदारा’त ही ताणाताणी पुसली जाते. स्वीडिश भाषेत जो शब्द रूढ आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘श्रमबाजारातले पक्ष’ असा होतो. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. तिथल्या मालकांच्या आणि कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनी १९३८ साली साल्तशोबादेनला मोठा करार केला, तो संप आणि टाळेबंद्यांची वर्षं भोगून झाल्यावर. गळ्यात गळे घालून नव्हे.

सरकार तिसरा पक्ष म्हणून आलं की ‘त्रिपक्षीय’. हा शब्द कामगार चळवळीत मुरलेला आहे, बदलू नका. फक्त बातम्यांत तीन देशांच्या चर्चेलाही ‘त्रिपक्षीय’ म्हणतात, तेव्हा पहिल्या वेळी तिघे कोण ते सांगा. आणि युरोपीय आर्थिक व सामाजिक समितीला, म्हणजे युरोपीय संघाच्या सल्लागार समितीला, हा शब्द लावू नका. तिथेही गट तीनच, पण तिसरा गट सरकारचा नाही, इतर नागरी संघटनांचा आहे.

प्रतिसाद : अहवालात आयएलओ, म्हणजे ‘इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशन’, असेलच. तिचं ‘आंतरराष्ट्रीय कामगार संघटना’ करू नका, ‘श्रम संघटना’ करा. कामगार संघटना म्हणजे आपल्याला युनियनच वाटते. १९१९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मालकही बसतात आणि सरकारंही. तिच्या वार्षिक परिषदेला प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी : सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. चौघांची मतं स्वतंत्र. कामगारांचा प्रतिनिधी स्वतःच्या देशाच्या सरकारविरुद्ध मत देऊ शकतो! म्हणून त्या चौघांना मिळून ‘देशाची भूमिका’ वगैरे लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ.

प्रश्नकर्ती : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी एके ठिकाणी तसंच लिहिलंय. आता ‘सोशल डायलॉग’चं काय? ‘संवाद’ ठेवू?

प्रतिसाद : शीर्षकात ठेवा, सरकारही त्यात असेल तिथे ‘त्रिपक्षीय संवाद’ म्हणून. मजकुरात मात्र तो पसरट होतो. श्रम संघटना या एका शब्दात तीन गोष्टी धरते : माहितीची देवाणघेवाण, सल्लामसलत आणि वाटाघाटी. मराठीत तिन्हींना वेगळे, चांगले शब्द आहेत, तर कुठे काय चाललंय ते पाहून वापरा. सल्लामसलतीत विचारणारा शेवटी स्वतःच्या मनाचं करू शकतो. वाटाघाटीत दुसऱ्याची सही लागते.

युरोपीय संघात सामाजिक धोरणाचा प्रस्ताव आणण्याआधी युरोपीय आयोगाने दोन्ही पक्षांना दोनदा विचारायचं असतं. आधी कुठल्या दिशेने जावं ते, मग प्रस्तावात नेमकं काय असावं ते. ही सल्लामसलत. पण तेवढ्यात दोन्ही पक्ष म्हणू शकतात, ‘थांबा, आमचं आम्ही ठरवतो.’ मग त्यांना नऊ महिने मिळतात, सगळ्यांची संमती असली तर आणखीही. इथून पुढे वाटाघाटी. १९९५ साली पालकत्व रजेचा करार असाच झाला. आई असो वा बाप, किमान तीन महिने. पुढच्या वर्षी तोच करार निर्देश (डायरेक्टिव्ह, म्हणजे संघाचा कायदा) म्हणून सदस्य देशांवर बंधनकारक झाला. याला ‘सल्लामसलत’ म्हटलंत तर दोन्ही पक्षांनी नुसतं मम म्हटलं असं वाटेल, आणि इथे तर मंत्रच त्यांनी रचला होता.

प्रतिसाद : ‘मालक’ शब्द खटकतो. सरकारी रुग्णालयाचा मालक कोण? ‘नियोक्ता’ लिहा.

प्रतिसाद (मसुदेवाली) : ‘नियोक्ता’ काटेकोर आहे, मान्य. पण ‘मालक-कामगार’ ही जोडी जिभेवर बसलेली आहे, ‘नियोक्ता-कामगार’ ऐकलंय का कधी? चर्चेत ‘मालक’, कलमात ‘नियोक्ता’ असं मी करते. भांडायला कोणी आलं नाही अजून. बाकी ‘सामाजिक धोरणा’चं ‘समाजकल्याण’ तेवढं करू नका. यात पगार, कामाचे तास, रजा, निवृत्तिवेतन असं सगळं येतं.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे आभार. ते वाक्य आता असं केलंय : ‘रोजगार आणि सामाजिक धोरण ठरवताना सरकारने मालक व कामगार संघटनांशी आधी सल्लामसलत करावी. वेतन आणि कामाच्या तासांबाबत दोन्ही पक्षांनी वाटाघाटी करून करार करावा.’ मुळात एक वाक्य होतं त्याची दोन झाली, पण मूळ परिच्छेद परत वाचला तर त्यात खरंच दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढे रुग्णालयांचा तक्ता आहे, तिथे गुपचूप ‘नियोक्ता’ लिहिलंय.