लव्हबर्ड पाळणाऱ्यांनो, खरा खर्च लिहा : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरं हट्ट धरतात आणि घरोघरी एकच प्रश्न येतो : लव्हबर्डची जोडी केवढ्याला? उत्तरात दुकानातला भाव कळतो, पण पुढची पाच-सात वर्षं काय लागतं ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. काय घेतलं, किती पडलं, कशावर पैसे वाया गेले, कुठे वाचले ते मोकळेपणाने लिहा. भाव गावागणिक बदलतात, तेव्हा गावाचं नाव टाका. दुकानाचं किंवा डॉक्टरांचं नाव मात्र नको.

आपल्याकडे सरसकट ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो ऑस्ट्रेलियातला बजी, म्हणजे लांब शेपटीचा इवलासा पोपट. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. दुकानदार त्याला ‘आफ्रिकन’ म्हणतात आणि तो बराच महाग असतो. भाव लिहिताना कोणता पक्षी तेही लिहा.

विश्रामबाग, सांगली

बजीची जोडी 600 रुपयांना घेतली. दुकानात सोबत 450 चा पिंजरा दाखवत होते. त्यात पक्ष्याला पंख पसरता आले असते, पण उडता आलं नसतं. आम्ही दोन फूट रुंदीचा घेतला, 1,500 ला. पिंजरा उंच असण्यापेक्षा आडवा लांब असावा, कारण बजी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही, आडवा उडतो. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांनी खेळण्यांवर वाचवावेत, पिंजऱ्यावर अजिबात नाही.

बसायच्या दांड्यांना एक रुपया लागला नाही. पेरूच्या आणि कडुनिंबाच्या फांद्या धुऊन, वाळवून लावल्या. सोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या एकाच जाडीच्या असतात, त्यावर बसून बसून पाय दुखावतात.

दाणा 90 रुपये किलो. एक पक्षी दिवसाला साधारण दोन चमचे खातो. सांडलेला धरून जोडीला महिन्याकाठी अर्धा किलो पुरतो, म्हणजे 50 रुपयांच्या आत. वाटी भरलेली दिसते, पण वर नुसती टरफलं असतात. रोज सकाळी फुंकर मारून बघावं, नाहीतर भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतो. कोथिंबीर, मेथी, गाजराचा कीस घरातलाच. समुद्रफेन, म्हणजे कॅल्शियमसाठी पक्ष्यांना टोचायला देतात ते माखल्याचं पांढरं हाड, 40 रुपयांना एक, बरेच दिवस जातो.

थोडक्यात पहिल्या महिन्यात अडीच हजारांच्या आसपास गेले, त्यानंतर महिना शंभर-सव्वाशे. आजारपण यात नाही.

कराड

ताई, दाण्याबद्दल थोडं जोडते. दुकानातली कंगणी म्हणजे आपले राळेच, भोगीला ज्याचा भात करतो ते. पण किराणा दुकानातले राळे कांडलेले असतात. पक्ष्यांना टरफलासकट लागतात. टरफल सोलणं हे त्यांचं दिवसभराचं काम आहे, ते काढून घेऊ नये. माझं माहेर माण तालुक्यातलं. सुगीत भाऊ बाजरीची अख्खी कणसं पाठवतो. कणीस पिंजऱ्यात टांगलं की तासन्‌तास दोघं त्यातच रमतात. विकतचं कोणतंही खेळणं त्याच्यापुढे फिकं. फक्त फवारणी केलेलं कणीस नको आणि बुरशीचा वास आला तर सरळ टाकून द्यावं.

मिरज

माणसांचे दवाखाने इथे पावलोपावली. पक्षी दाखवायचा म्हटलं की मात्र फिराफिर होते. पशुवैद्य म्हशी-गाईंचे आणि कुत्र्या-मांजरांचे. तीस-पस्तीस ग्रॅमचा जीव हातात घेऊन तपासायची सवय असलेले थोडे. म्हणून माझा आग्रह असा, की पक्षी घेण्याआधी डॉक्टर शोधून ठेवा.

आमच्या मादीचं अंडं अडकलं होतं. ती अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपटी श्वासासोबत वरखाली होत होती. बजी आजार लपवतो. रानात दुबळा दिसला की शिकारी टिपतो, तेच त्याच्या रक्तात आहे. तो तळाशी बसलेला दिसला म्हणजे उशीर होत आलाय असं समजावं. खोक्यात ऊब देऊन नेली. तपासणी 300, इंजेक्शन आणि कॅल्शियमचे थेंब मिळून आणखी 350. वाचली. 600 रुपयांच्या जोडीसाठी 650 खर्च कशाला, असं शेजारच्यांनी विचारलं. मला तो प्रश्नच कळत नाही. घरात आणलेल्या जिवाचा भाव दुकानातल्या चिठ्ठीवरून ठरत नसतो.

कारण डॉक्टरांनी समजावून सांगितलं : कॅल्शियम कमी आणि लागोपाठ अंडी. मडकं काढून ठेवा म्हणाले.

विटा

मिरजेच्या दादांनी मडक्याचा विषय काढला ते बरं झालं. पिंजऱ्यासोबत मडकं घ्यायलाच पाहिजे असं बरेच जण सांगतात. तसं काही नाही. मडकं म्हणजे घरटं, आणि घरटं मिळालं की अंडी आलीच. एका वेळी चार-सहा अंडी, अठरा दिवसांच्या आसपास पिल्लं, महिना-सव्वा महिन्यात ती बाहेर. पुढे पिंजरा अपुरा पडतो, नर-माद्या भांडतात, दुसरा पिंजरा घ्यावा लागतो. विकून पैसे सुटतील म्हणाल तर दुकानदार आमच्याकडे नगाला शंभरच्या वर देत नाही. खायला घातलेलं तेवढंही निघत नाही. दोन पक्ष्यांवर समाधान असेल तर मडकं घेऊच नका.

घेताना बघायचं ते सांगतो. चोचीच्या वरचा, नाकपुड्यांचा भाग निळा तो नर, तपकिरी ती मादी. हे मोठ्या पक्ष्यांत कळतं. डोक्यावरच्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आल्या असतील तर पक्षी कोवळा आहे, लवकर माणसाळतो.

शाहूपुरी, सातारा

हिरव्या पोपटाचं स्पष्ट लिहायलाच हवं. आपला लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि हा पोपट आता अनुसूची 2 मध्ये आहे. मोठा करण पोपटही रानातलाच, त्यालाही संरक्षण आहे. बाजारात कोणी कापडाखाली झाकून पिल्लू दाखवलं तर ते ढोलीतून काढून आणलेलं असतं. अशी कितीतरी पिल्लं वाटेतच मरतात.

‘आमच्या आजोबांच्या काळापासून घरात पोपट आहे’ हे मीही लहानपणापासून ऐकलंय. मिठू मिठू करणारा तो पोपट आयुष्यभर गोल पिंजऱ्यात उभा असायचा. ज्वारीच्या शेतावरून थव्याने ओरडत जाणारे पोपट बघितले की तो पिंजरा आठवून आजही गलबलतं. अडकलेला किंवा जखमी पोपट सापडला तर वन विभागाला 1926 वर फोन करा.

बजी आणि कॉकाटेल (डोक्यावर तुरा असलेला ऑस्ट्रेलियातला पोपट) परदेशी असल्यामुळे ही बंदी त्यांना नाही. बाकीचे बहुतेक परदेशी पोपट, म्हणजे मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे, घेतले तर सरकारकडे नोंद करावी लागते. पावतीशिवाय घेऊच नका.

कुपवाड

दोनच ओळी. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो, वास येण्याआधीच. आम्ही पिंजरा स्वयंपाकघरातून हलवला आणि बिडाचा तवा घेतला. तोही पक्ष्याच्या खर्चातच धरा.

सांगलीवाडी

आमच्याकडे पक्षी पाळायचा तर नदीचा विचार आधी करावा लागतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. होडीत माणसं, पोरं, औषधं, कागदपत्रं. तिथे दोन फुटी पिंजरा कोण घेऊ देणार? आमच्या कॉकाटेलला आईने भाजीच्या झाकणाच्या टोपलीत घातलं, वर सुती साडी बांधली आणि मांडीवर घेऊन बसली. होडीतल्या जवानाने एकदा टोपलीकडे बघितलं आणि आईला नीट बसायला जागा करून दिली. पुढे नातेवाइकांकडे असताना पहिल्या दिवशी भात आणि शेंगदाण्यावर भागवलं, कारण दाण्याचा डबा पाण्यात गेला होता.

तेव्हापासून घरात 350 रुपयांचा हातात मावेल असा प्रवासी पिंजरा आहे. पावसाळा लागला की त्यात किलोभर दाणा, पाण्याची बाटली आणि जुना टॉवेल भरून माळ्यावर ठेवतो. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा 40 फुटांची इशारा पातळी ऐकली आणि आईने पक्ष्याला आधीच मावशीकडे कुपवाडला पोचवलं. नदीकाठच्या प्रत्येकाने हा खर्च पहिल्याच दिवशी करावा.

कॉकाटेल पंधरा-वीस वर्षं जगतो. जोडी 3,500 ला मिळाली म्हणून सांगणाऱ्याने तेही सांगावं.

वाई

माझी नात चौथीत आहे, तिला बजी हवेत. वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. मडकं घ्यायचं नाही हे ठरलं. पेन्शनमध्ये महिन्याचा खर्च बसतो, एकदम दीड हजाराचा पिंजरा जरा जड वाटतोय. कोणाकडे जुना असेल तर सांगाल का?

विश्रामबाग, सांगली

काका, आमच्याकडे एक दोन फुटी रिकामा आहे. पैसे नकोत. जाळी जस्ताच्या मुलाम्याची आहे, बजी ती कुरतडतो आणि जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. म्हणून मी व्हिनेगर लावून ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवते. दार थोडं सैल आहे, तिथे तार बांधावी लागेल. पुढच्या रविवारी आम्ही पुण्याला निघालोय, पाचवड फाट्यावर उभे राहाल का? नातीलाही आणा, दांड्या कशा बसवायच्या ते तिला दाखवते.