विषय: मार्चिंग बँडमधलं कलर गार्ड, डॉट, पिट वगैरे
ताई, कलर गार्ड म्हणजे झेंडा धरून चालायचं एवढंच का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात नाही! अमेरिकन हायस्कूलच्या मार्चिंग बँडबरोबर (मैदानावर चालत वाजवणारा बँड) असणाऱ्या या गार्डमधली मुलं झेंड्याबरोबरच लाकडी रायफल आणि सेबरही (तलवार) हवेत फेकून झेलतात, तेही नाचता नाचता. फेक त्या वस्तूच्या हवेतल्या अर्ध्या गिरक्यांत मोजतात: 'डबल' म्हणजे एक पूर्ण गिरकी, 'क्वाड' म्हणजे दोन. लेक 'आज क्वाड पकडला' म्हणाली तर मनापासून कौतुक करा, बोटांना चांगलाच मार बसतो त्यात.

आता 'डॉट'बद्दल थोडं. डॉट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरची बँडमधल्या प्रत्येकाची नेमकी जागा. ४० यार्डांच्या रेषेपासून आत दोन पावलं, पुढच्या हॅशच्या (मैदानावर आखलेल्या खुणांच्या ओळीच्या) मागे चार, अशी. पावलांत मोजता येतं कारण 'एट टू फाइव्ह' चालीत ५ यार्डांत बरोबर ८ पावलं बसतात, म्हणजे एक पाऊल २२.५ इंचांचं. वाजवता वाजवता हे सांभाळायचं, ही खरी मेहनत.

'पिट' म्हणजे बँडमधला एका जागी वाजवणारा गट. हे चालत नाहीत; मारिम्बा, व्हायब्राफोन अशी पट्ट्यांवर ठोकून वाजवायची मोठी वाद्यं घेऊन मैदानाच्या पुढच्या कडेला उभे असतात. विंटर गार्ड, म्हणजे हिवाळ्यातलं कलर गार्ड, जिममध्ये (बंदिस्त क्रीडागृहात) होतं, रेकॉर्ड केलेल्या संगीतावर, बँडशिवाय.