स्टुटगार्टला तीन महिने डेप्युटेशन : शनिवार-रविवार कसे लावावेत?

गोकुळशिरगाव_सीएनसी
मंडळी, नमस्कार. मशीन ट्रायलसाठी कंपनी स्टुटगार्टला पाठवतेय, १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. शनिवार-रविवार सुट्टी. खोलीत स्वयंपाकाची सोय आहे, गाडी मिळणार नाही. रेल्वेनं कुठं कुठं जाऊन येता येईल, पास कोणता काढावा आणि कोल्हापुरातून निघायच्या आधीच काय बघून ठेवावं? युरोपात पहिल्यांदाच चाललोय.

रंकाळा_टॉवर
फिरायचं नंतर, आधी तारखा मोजा दादा. ३० + ३१ + ३० म्हणजे ९१ दिवस होतात. शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या) सी व्हिसावर, म्हणजे थोड्या मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. डी, म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा असेल तर ही अडचण नाही. मशीनवर प्रत्यक्ष हात घालून काम करणार असाल तर त्याला कुठला व्हिसा लागतो, हे कंपनीकडून लेखी घ्या. व्हिसाच्या स्टिकरवर किती दिवस आणि किती एंट्री लिहिल्यात तेही वाचा. फ्रान्स, स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच येतात, तिकडं जाऊन आलात तरी एंट्री खर्ची पडत नाही. लंडनचा विचार मात्र सोडा. त्याला वेगळा व्हिसा लागतो, आणि सिंगल एंट्री असेल तर तिथून जर्मनीत परत येता येणार नाही. हद्द ओलांडताना मूळ पासपोर्ट खिशात पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे.

शिरोली_फौंड्री
पास म्हणाल तर डॉइचलांड-तिकीट. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. त्यावर लोकल, ट्राम, सिटी बस आणि आरई-आरबी या प्रादेशिक गाड्या देशभर चालतात. आयसीई, आयसी, ईसी या वेगवान गाड्यांना तो चालत नाही. नव्या माणसाची चूक इथंच होते. ॲप आधी वेगवान गाडी दाखवतं, माणूस पास आहे म्हणून चढतो, आणि दंड बसतो किमान ६० युरो. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये 'फक्त लोकल वाहतूक' हा पर्याय लावल्याशिवाय गाडी शोधूच नका. पास मोबाईलवर असतो आणि नावावर असतो, त्यामुळं पॉवर बँक आणि ओळखपत्र सोबत ठेवा. हे मासिक वर्गणीचं खातं आहे. नोव्हेंबरअखेर बंद करायचं तर १० नोव्हेंबरपर्यंत रद्द करावं लागतं, नाहीतर डिसेंबरचेही पैसे कापले जातात. काही विक्रेते फक्त युरोपातल्या बँक खात्यातून पैसे घेतात, म्हणून कार्ड घेणारा विक्रेता निवडा.

दुसरी गोष्ट, रुळांची कामं शनिवार-रविवारीच निघतात. मग मधल्या टप्प्याला गाडीऐवजी बस लावतात. बोर्डावर 'एसईव्ही' दिसलं की समजायचं. त्या बसनं पुढची गाडी हमखास चुकते. शुक्रवारी रात्री वेळ परत तपासा, आणि गाडी बदलायची असेल तिथं किमान १५ मिनिटं ठेवा. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत तुटून वेगवेगळ्या गावांना जातात. डब्यावरचं गावाचं नाव वाचूनच बसा.

आता जागा. लांबचं सगळं सप्टेंबरात उरका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं, आणि नोव्हेंबरअखेर साडेचारलाच सूर्य मावळतो.

फौंड्री-मशीन शॉपच्या माणसानं उल्म आणि ब्लाउबॉयरन एका शनिवारी करावंच. आरईनं उल्म तासाभरावर. तिथल्या चर्चचं शिखर १६१.५ मीटर, पायऱ्या ७६८. गुडघे दुखत असतील तर अर्ध्यातनंच फिरा. दुरुस्तीला वरचा टप्पा बंद असतो कधी कधी, खाली विचारून मगच तिकीट घ्या. उल्महून ब्लाउबॉयरन पंधरा-वीस मिनिटांवर. ब्लाउटोफ नावाचा झरा आहे तिथं, २० मीटरच्या वर खोल. पाणी इतकं निळं की रंग कालवल्यागत वाटतं. काठालाच जुनी लोहारशाळा आहे. झऱ्याच्या प्रवाहावर लाकडी पाणचक्की फिरते आणि त्या फिरण्यावर घण उचलून सोडला जातो. आपल्याकडं मोटार आणि प्रेस जे काम करतात, ते नुसत्या पाण्यावर कसं चालायचं ते अगदी हातभर अंतरावरून बघायला मिळतं.

हायडेलबर्गला दीड तास धरा. स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे, बस पासात येते. किल्ल्याच्या तिकिटात वर नेणारी डोंगररेल्वे धरलेली असते. तळघरातला लाकडी पिंप २ लाख २० हजार लिटरच्या आसपासचा आहे. त्याच्या फळ्यांचे सांधे नीट बघा.

नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा एका दिवसात करू नका. लोकल गाड्यांनी एका बाजूला चारेक तास जातात, आणि आतल्या फेरीच्या तिकिटावर वेळ ठरलेली असते. गाडी चुकली की फेरी गेली.

पंचगंगा_घाट
वरच्यांनी रविवारचं सांगितलं नाही. रविवारी दुकानं बंद असतात, ३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरलाही. दूध-भाजी शनिवारी भरून ठेवा. मोठ्या स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी मिळतील. म्युझियम रविवारी चालू आणि सोमवारी बंद, म्हणून रविवार त्यांनाच द्या. मर्सिडीजसाठी एस१ लोकलनं नेकारपार्कला उतरा, पोर्शसाठी एस६ नं नॉयवीर्टसहाउस. मर्सिडीजमध्ये लिफ्टनं एकदम वर जाऊन उतरत उतरत बघायचं असतं. सुरुवात १८८६ सालापासून होते. तीन तास कमी पडतात.

गोकुळशिरगाव_सीएनसी
९१ दिवसांचं बरं झालं सांगितलं, आजच एचआरला कळवतो. बोडनझे तळ्याकाठचं कोन्स्टान्झ आणि पलीकडं फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग जमेल का? आणि चटणी-भडंग नेलेलं चालतं का?

शिरोली_फौंड्री
दोन्ही जमतात, पण पहाटे निघा. स्ट्रासबर्गसाठी पासावर हद्दीवरच्या केहल गावापर्यंत जा, तिथून नदीपलीकडं ट्राम डी, तिचं तिकीट वेगळं काढा. कोन्स्टान्झला मोबाईल जपा. गाव स्वित्झर्लंडला चिकटून आहे, फोन आपोआप तिकडचं नेटवर्क पकडतो. ते युरोपियन युनियनच्या रोमिंगमध्ये नाही, बिल वाढतं. सेटिंगमध्ये जर्मन नेटवर्क हातानं निवडून ठेवा.

कांदा-लसूण चटणी आणि भडंग बिनधास्त न्या, चटणी मात्र दोन पिशव्यांत पक्की बांधा. तूप, पेढे, खवा, सुकं मटण काढून ठेवा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून पूड न्या.