अंधारात केबलचं प्लास्टिक चमकतं का?

वायरमन_अक्कलकोटरोड
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्सला आहे. परवा रात्री पाऊस चालू, सबस्टेशनच्या खोलीतली ट्यूब गेली. डोळे जरा सरावल्यावर ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) पॅनलच्या काचेतून आत जांभळट उजेड दिसला. ठिणगी नाही, बारीक सरसर आवाज. दोन फेजचे कोअर (केबलमधल्या प्लास्टिक चढवलेल्या तारा) जिथं एकमेकाला टेकलेत तिथंच, करंगळीच्या पेराएवढा. मालकांना बोलावलं, ते उजेडातून आलेले, त्यांना काही दिसेना. दहा मिनिटं थांबा म्हटलं तर "लूम चालू आहेत ना? मग राहू दे की."

मेगरचं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) रीडिंग चांगलं येतं. पोरानं कुठंतरी वाचलं की विजेचा ताण बसला की प्लास्टिक स्वतःच प्रकाश देतं. तसंच असेल तर सोडून देतो.

चादरवाला
काय बे, गड्डा जत्रेची लायटिंग आत्ताच लावली का?

जुना_मास्तर
पोरानं वाचलं ते खरं आहे, पण तुम्ही पाहिलं ते वेगळं.

पॉलिथिलीनसारख्या इन्सुलेशनवर खूप ताण आला की इलेक्ट्रोडकडून विजेचे भार (चार्ज) आत घुसतात आणि तिथंच अडकून बसतात. एसीत पुढच्या अर्ध्या फेऱ्यात उलटे भार येतात, दोघांची गाठ पडते आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. हा उजेड इतका मंद की पूर्ण काळोख्या पेटीत फोटोमल्टिप्लायर (अतिमंद प्रकाश टिपणारं उपकरण) लावून फोटॉन मोजावे लागतात. फ्रान्समध्ये टूलूझला यावर बरंच काम झालंय. इन्सुलेशन आतून झाडासारखं फुटायला लागण्याआधीच हा प्रकाश दिसतो, म्हणून त्याला महत्त्व.

आता तुमची केबल. कोअर ते अर्थ ६.३५ केव्ही, एक्सएलपीईची (केबलवरचं पॉलिथिलीन इन्सुलेशन) जाडी साधारण ३.६ मिलिमीटर. म्हणजे मिलिमीटरला सरासरी दोन केव्हीसुद्धा नाही. प्लास्टिक उजळायला याच्या कितीतरी पट ताण लागतो.

हवा मात्र मिलिमीटरला तीनेक केव्हीलाच हार मानते. टर्मिनेशनपाशी, म्हणजे केबलचं टोक जोडतात तिथं, स्क्रीन (इन्सुलेशनवरचं अर्थ केलेलं आवरण) सोललेली असते. तिथं दोन कोअर टेकले की मधल्या बारीक फटीतल्या हवेवर प्लास्टिकच्या दुप्पट-अडीचपट ताण पडतो. जांभळा रंग हवेतल्या नायट्रोजनचा. मेगर यात काही सांगणार नाही, तो डीसीवर सरासरी बघतो. पॅनल चालू असताना दार उघडू नका. शटडाऊन घेऊन बघा, टेकलेल्या जागी पांढरी पावडर असेल.

चादरवाला
मास्तर, चिकटपट्टी अंधारात ओढली की निळं दिसतं, ते पण हेच का?

जुना_मास्तर
चुलतभाऊ म्हणा. तिथं भार ओढल्यानं वेगळे होतात, उजेड हवेचाच.

वायरमन_अक्कलकोटरोड
सुट्टीच्या दिवशी शटडाऊन मिळाला. आर आणि वाय फेज, पांढऱ्या पावडरीची रेघ, बोटाला खरखरीत. पुसल्यावर खाली स्लीव्हला नखाएवढा चट्टा. जॉइंटरनं कोअर आखूड सोडले होते, लग्जपर्यंत (तारेच्या टोकाचे जोड) पोचवायला तिरके ओढलेले. नवीन टर्मिनेशन किट, कोअरमध्ये चांगलं चार बोटं अंतर. मालक किटच्या बिलावर दोन दिवस बोलत होते.

काल रात्री दिवे घालवून अर्धा तास बसलो. काळाकुट्ट. कसलासा वास येतोय, पण तो बहुतेक रंगखात्याचा.