निवृत्तीचा आराखडा रुखरुखींवरून काढावा का?

उरलीसुरली शाई (धागाकर्ता)

८ महिन्यांनी निवृत्त होतोय. पैशांची आकडेमोड झाली, तपासण्या झाल्या. 'पुढे काय' हा रकाना मात्र कोराच आहे. परवा जुन्या डायरीच्या मागच्या पानावर 'राहून गेलेलं' असं लिहून खाली यादी करायला बसलो. तासाभरात १४ ओळी झाल्या. पोहणं. इतिहासाचा अभ्यासक होणं. मोठ्या भावाशी तुटलेलं बोलणं. मुलगी सात वर्षांची होती तेव्हा मी घरात असून कुठे होतो, तेच आठवत नाही. ही ओळ लिहिल्यावर पेन खाली ठेवलं थोडा वेळ.

माझं मत असं, की निवृत्तीनंतरचं आयुष्य छंदांच्या आयत्या याद्यांतून सापडत नाही, या १४ ओळींतून सापडेल. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४-९५ मध्ये मांडलं होतं, की अलीकडच्या काळातलं आठवताना माणसाला केलेल्या चुका जास्त टोचतात, पण सगळ्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी टोचतात. केलेल्या चुकांवर खपली धरते. न केलेलं उघडंच राहतं. ४० वर्षांनंतरही जे सलतं ते आपल्याला मनापासून हवं होतं, याला आणखी कसला पुरावा लागतो?

विरोध असेल तर जरूर लिहा.

खुंटीवरचा सदरा

सपशेल असहमत. ४० वर्षांत त्या आठवणीला आपणच किती रंगाचे हात दिले, हे कोण मोजणार?

माझी रुखरुख व्हायोलिनची. लहानपणी शेजारून ऐकू यायचं, घरच्यांना परवडणारं नव्हतं. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात घेऊन आलो. गजाला राळ घासण्यात तरबेज झालो, तेवढंच जमलं. करंगळी तारेवर पोचवायची तर मनगट वळायचं, मनगट वळलं की गज घसरायचा, आणि गज घसरला की गंजलेल्या बिजागरीचा आवाज. असे ११ महिने. एका संध्याकाळी पेटी बंद करताना लख्ख कळलं, की मला व्हायोलिन शिकायचं नव्हतंच. मला ते लहानपणापासून *येत असायला* हवं होतं. ती सोय कुठल्याच शिकवणीत नाही.

आधी एक रुखरुख होती, आता दोन आहेत.

सावकाश

सदऱ्यांना अनुमोदन. धागाकर्त्यांनी अर्धंच संशोधन सांगितलंय. २०१२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात श्टेफानी ब्रासेन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला होता. खेळात एकेक डबा उघडत जायचं आणि कमाई वाढवायची, पण एका डब्यात सैतान, तो निघाला की त्या फेरीतलं सगळं गेलं. वेळेत थांबलात तर जमलेलं तुमचं. मग मात्र दाखवायचे, की अजून इतके डबे बिनधोक उघडता आले असते. हे 'हुकलं' बघून तरुण मंडळी आणि नैराश्य असलेले वृद्ध पुढच्या फेरीत जास्त धोका पत्करायचे. मनाने ठणठणीत वृद्धांना त्याचं फारसं काही नव्हतं. आणि तुम्ही डबे मोजायला डायरी घेऊन बसलाय!

उरलीसुरली शाई

डब्यांच्या खेळावरून आयुष्य मोजू नका हो. मुलगी म्हणजे डबा नव्हे.

सावकाश

बरं, खेळ सोडा. कार्स्टेन व्रॉश आणि युट्टा हेकहाउझेन यांचा २००२ चा अभ्यास थेट आयुष्यातल्या खंतींवरच आहे. 'जे झालं ते माझ्या हातात होतं' असं मानणं तरुणांना फायद्याचं दिसलं, कारण त्यांच्याकडे दुरुस्तीला वेळ असतो. वय झालेल्यांचं उलट: 'ते माझ्या हातात नव्हतं' असं मानणाऱ्यांची खंत सौम्य होती. त्यामुळे सगळं स्वतःच्या माथी मारून १४ ओळी लिहिणं हा मला तरी उतारवयात अंगावर ओढवून घेतलेला ताप वाटतो.

अर्धी खिडकी

तुम्हा पुरुषांच्या याद्यांत घरातल्या माणसांना कुणी विचारतं का?

आमच्याकडे हे निवृत्त झाले तेव्हा यांच्या यादीत पहिली ओळ होती, 'हिला कधी वेळ दिला नाही.' झालं! ३० वर्षं दुपारचे तीन तास माझे होते. वाचायचं, पडायचं, नाहीतर खिडकीशी नुसतं बसायचं. आता खिडकीशी दोन खुर्च्या, आणि दर दहा मिनिटांनी 'काय विचार करतेस?' चूक कबूल करून समोर बसलेल्या माणसाला 'जरा उठा' म्हणणंसुद्धा दुष्टपणाचं वाटतं हो. तरी शेवटी मी म्हणाले, की जिला तुमचा वेळ हवा होता ती पस्तिशीची होती, मला आता एकटीला बसू द्या. दोन दिवस रुसले. पश्चात्ताप यांचा, दुपार माझी गेली.

धागाकर्ते, तुमची मुलगी आता केवढी आहे? तिला विचारलंत?

उरलीसुरली शाई

३४ वर्षांची. नाही विचारलं.

शब्दखोर

सगळे एकाच पोत्यात भरताय. मराठीत पश्चात्ताप वेगळा, रुखरुख वेगळी. वाईट वागलो त्याचा पश्चात्ताप, राहून गेलं त्याची रुखरुख. पश्चात्तापात समोर दुसरा माणूस असतो, रुखरुखीत बहुतेक वेळा आपण एकटेच.

त्यातही रुखरुखीचं क्रियापद तपासा. 'करायचं राहिलं' की 'व्हायचं राहिलं'? सदऱ्यांचं व्हायोलिन 'व्हायचं' होतं, म्हणून आपटले. गिलोविच यांनीच पुढे २०१८ मध्ये शाई डेव्हिडाय यांच्यासोबत दाखवलं, की माणसाला कर्तव्यात कमी पडल्यापेक्षा आपण जसे होऊ शकलो असतो तसे न झाल्याची खंत जास्त काळ राहते. म्हणजे धागाकर्त्यांच्या मूळ तर्कात गोची आहे. सर्वांत जास्त सलतं ते बऱ्याचदा 'व्हायचं'च असतं, आणि निवृत्तीनंतर हाती उरतं ते 'करायचं'. जास्त सल म्हणजे जास्त योग्य दिशा, हे गणित बसत नाही.

तरी यादी फेकू नका. इतिहासकार होणं राहिलं असेल, जुने कागद वाचायला कुणी अडवलंय?

खुंटीवरचा सदरा

हे मला ११ महिन्यांपूर्वी सांगायचं होतंत.

परतीचं टपाल

क्रियापदांचा काथ्याकूट चालू द्या. मला एवढंच सांगायचंय, की भावाला फोन आत्ता करा. माझा एक मित्र होता, क्षुल्लक कारणावरून अबोला धरला होता. निवृत्तीनंतर निवांत जाऊन भेटू असं ठरवून ठेवलं होतं. निवृत्तीला ५ महिने असताना तो गेला. बैल गेला अन् झोपा केला. निवृत्ती म्हणजे काही तहाची तारीख नव्हे.

सावकाश

वाईट वाटलं वाचून. तरी एक शंका आहे. भावाला तो फोन हवाय का? मन आपलं हलकं करायचं आणि गाठोडं दुसऱ्याच्या दारात ठेवून यायचं, असंही होतं. खिडकीताईंनी तेच सांगितलं वर.

परतीचं टपाल

नको असेल तर तो ठेवून देईल. निदान ठेवून द्यायला कुणीतरी असेल.

उरलीसुरली शाई

पाच दिवसांनी लिहितोय. १४ पैकी ६ ओळी खोडल्या, सगळ्या 'व्हायचं'वाल्या. खोडताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. दोन तर कधी मनापासून हव्याच नव्हत्या, वडिलांच्या होत्या.

पोहणं सुरू केलं, निवृत्तीपर्यंत ८ महिने वाट बघत बसलो नाही. छातीइतकंच पाणी, तरी कठडा सुटेना. शिकवणारा पोरगेला मुलगा म्हणाला, 'काका, कठडा कुठे पळून जात नाही.' नाकातोंडात पाणी गेलं, उद्या परत जाणार आहे.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, 'सातव्या वर्षाचं मला काही आठवत नाही, बाबा. पण मी बोलत असताना तू आत्तासुद्धा मोबाइल बघतोयस.' खरंच हातात होता.

सावकाश, तुमची शंका डोक्यात ठेवूनच काल भावाला फोन लावला. वहिनींनी उचलला. आवाज ओळखला, क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'झोपलेत, उठले की सांगते.' अजून आलेला नाही.